पहिली आरसी गाडी घेण्यापूर्वी

माझ्या भाच्याला दहावीची परीक्षा संपल्यावर आरसी (रेडिओ कंट्रोल) कार, म्हणजे हातातल्या रिमोटने चालवायची छोटी गाडी, घ्यायची आहे आणि पंधरा दिवस तो मला एकच प्रश्न विचारत होता : ‘मामा, सगळ्यात फास्ट कुठली?’ हा प्रश्न मीही पहिली गाडी घेताना विचारला होता. आज इतक्या वर्षांनी मला वाटते की त्याऐवजी दुसरा प्रश्न विचारायला हवा होता. या गाडीचा कोणता भाग आधी मोडेल, तो सुटा कुठे मिळेल आणि मला तो स्वतःच्या हाताने बसवता येईल का? ज्या गाडीबाबत या तिन्ही गोष्टींचे सरळ उत्तर मिळते, ती नवशिक्याची गाडी. वेग नंतर वाढवता येतो. पण सुटा भाग मिळत नसलेली गाडी पहिल्याच महिन्यात माळ्यावर जाते आणि तिच्याबरोबर नादही संपतो. भाच्याला तोंडी जे सांगितले, ते कोल्हापुरात आणि आसपास हा छंद सुरू करू पाहणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडावे, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

खेळण्याच्या दुकानातली रिमोटची गाडी आणि छंदासाठी बनवलेली आरसी कार दिसायला सारख्या असतात, पण त्यांची रचना मुळातच वेगळी असते. खेळण्यातल्या गाडीत रिमोटचा संदेश घेणारा रिसीव्हर, मोटरचे नियंत्रण आणि स्टिअरिंग हे सगळे बहुधा एकाच सर्किट बोर्डवर असते, तो बोर्ड गेला की गाडी गेली. तिचे चाक डावीकडे वळते किंवा उजवीकडे वळते, थोडेसे वळत नाही. खऱ्या आरसी कारमध्ये रिसीव्हर वेगळा, मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा ईएससी वेगळा आणि चाके वळवणारा सर्व्हो वेगळा असतो. ट्रान्समीटरचे, म्हणजे हातातल्या रिमोटचे, चाक तुम्ही जितके फिरवाल तितकीच पुढची चाके वळतात, ट्रिगर जितका दाबाल तितकाच वेग मिळतो. त्यातला प्रत्येक भाग, अगदी पुढचे चाक गाडीला जोडणारा सस्पेन्शन आर्म किंवा चाकाची नटसुद्धा, स्वतंत्र क्रमांकाने विकत मिळतो. म्हणून गाडी पसंत पडली की पैसे भरण्यापूर्वी तिच्या सस्पेन्शन आर्मचा, स्पर गिअरचा (मोटरने फिरणारे मोठे दातेरी चाक) आणि सर्व्होचा सुटा भाग आपल्या देशात कोणाकडे आज उपलब्ध आहे का, एवढे शोधून पाहावे. तो सापडला नाही, तर गाडी कितीही देखणी असली तरी ती सोडून द्यावी. सुरुवातीला एका विक्रेत्याने मला छंदाची गाडी म्हणून जी दिली होती, तिचा एकही भाग पुढे मिळाला नाही. त्यामुळे या बाबतीत मी फार आग्रही आहे.

गाडीचा आकार प्रमाणात सांगतात. १/१० म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी, साधारण हातभर लांब. १/८ त्याहून मोठी आणि जड, १/१८ व १/२४ लहान. लहान गाडी स्वस्त असते आणि घराच्या गच्चीवरही चालते, पण आपल्याकडची मैदाने म्हणजे मुरूम, बारीक खडी आणि मधूनच उगवलेले गवत. अशा जमिनीवर छोट्या चाकांची, जमिनीला टेकलेली गाडी दर चार हातांवर अडते. मोठी चाके आणि उंच सस्पेन्शन असलेला १/१० मापाचा मॉन्स्टर ट्रक किंवा चाकांपुढे रुंद बंपर असलेला शॉर्ट कोर्स ट्रक इथे अधिक सोसतो. गुळगुळीत डांबरावर पळणारी टूरिंग कार फार सुंदर दिसते, पण तिला लायक अशी मोकळी, वाहने नसलेली जागा शहरात शोधावी लागते. गाडी घेण्यापूर्वी आपण तिला नेमके कुठे पळवणार, ती जागा डोळ्यांसमोर आणावी.

गाडी तयार घ्यावी की सुट्या भागांचा संच घेऊन स्वतः जोडावी, याबद्दल दोन मते आहेत. तयार गाडीला आरटीआर (रेडी टू रन) म्हणतात. तिच्यात ट्रान्समीटरसह बहुतेक सगळे असते, बॅटरी आणि चार्जर मात्र कधी असतात, कधी नसतात, ते खोक्यावर नीट वाचावे. संच जोडण्याची परंपरा जुनी आहे. जपानच्या टामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ ची आरसी गाडी संच म्हणूनच आणली होती आणि तिचे संच आजही जगभर लोक जोडतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ज्याच्या हाताला पाना आणि स्क्रू ड्रायव्हरची सवय आहे, त्याला मी संचच सुचवेन. ज्याने डिफरन्शियलचे, म्हणजे वळताना दोन्ही बाजूंची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागाचे, छोटे गिअर स्वतः वंगण लावून बसवले आहेत, त्याला पुढे गाडी कुठून आवाज करते आहे हे सांगावे लागत नाही. लहान मुलाला किंवा ज्याला लगेच मैदानावर जायचे आहे त्याला आरटीआर बरी. संचात ट्रान्समीटर, सर्व्हो आणि बॅटरी बहुधा वेगळ्या घ्याव्या लागतात, हे आधीच हिशेबात धरावे.

हिशेबाचेच बोलायचे तर हातात असलेले सगळे पैसे गाडीवर घालू नयेत, ही माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे. शंभर रुपये असतील तर साठ-पासष्टची गाडी घ्यावी आणि बाकीचे चांगला चार्जर, एक जास्तीची बॅटरी, हत्यारे आणि दोन-चार सुटे भाग यांसाठी राखावेत. हत्यारांत १.५, २ आणि २.५ मि.मी.च्या ॲलन की लागतातच, पण त्या चांगल्या पोलादाच्या घ्याव्यात. स्वस्त कीचे कोपरे गोल होतात आणि ती स्क्रूचे षटकोनी तोंडही बिघडवते, मग तो स्क्रू काढायला अर्धा दिवस जातो. चाकांच्या नटसाठी ७ मि.मी.चा बॉक्स पाना बहुतेक १/१० गाड्यांना चालतो. जपानी संचांतील चौफुलीच्या स्क्रूंना जपानी मापाचाच, म्हणजे जेआयएस स्क्रू ड्रायव्हर नीट बसतो. आपला नेहमीचा फिलिप्स त्यात पूर्ण उतरत नाही आणि जोर लावला की घसरतो. थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा चिकट द्रव, फक्त धातूत जाणाऱ्या धातूच्या स्क्रूला एक थेंब लावावे. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला ते लावू नये, कारण त्याने काही प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तडकते. शिवाय प्लॅस्टिकमध्ये स्क्रू पुन्हा घालताना आधी उलटा फिरवावा, जुन्या आट्यांत तो ‘टक्’ करून बसल्याचे बोटाला कळते, मग सुलटा आवळावा. असे केले नाही की नवे आटे पडत जातात आणि तीन-चार वेळांत भोक सैल होते.

आता बॅटरीविषयी. या छंदात जिवाला धोका असलेली हीच एक वस्तू आहे, म्हणून इथे मी थोडा वेळ घेणार आहे. निकेल मेटल हायड्राइड, म्हणजे निमह बॅटरीचा प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा असतो आणि सहा सेलची ७.२ व्होल्टची बॅटरी १/१० गाडीत बसते. ती जड असते आणि गाडी तिच्यावर हळू पळते, पण हलगर्जीपणा बराच सोसते. घरात लहान मूल असेल तर सुरुवात याच बॅटरीने करावी. लिथियम पॉलिमर, म्हणजे लिपो बॅटरीचा सेल ३.७ व्होल्टचा मानतात, पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्टवर जातो. दोन सेलच्या बॅटरीला २एस म्हणतात, म्हणजे ७.४ व्होल्ट आणि भरल्यावर ८.४. लिपो हलकी आणि जोमदार असते, पण तिचे नियम तिनेच ठरवलेले असतात. एकही सेल ३ व्होल्टच्या खाली गेला तर तो कायमचा बिघडू शकतो, म्हणून ईएससीमध्ये लिपोचा कट-ऑफ, म्हणजे व्होल्ट फार उतरण्याआधी मोटर बंद करण्याची सोय, चालू आहे का ते पहिल्याच दिवशी तपासावे. बऱ्याच ईएससींवर त्यासाठी एक इवलासा जंपर असतो आणि तो निमहवर राहिला तर गाडी लिपोला शेवटच्या थेंबापर्यंत पिळून काढते.

लिपोला फक्त लिपोला चालणारा, बॅलन्स करणारा, म्हणजे सगळे सेल सारखे भरणारा चार्जर लावावा, बॅटरीचा छोटा पांढरा कनेक्टरही त्याला जोडून. चार्जरवर निमहचा पर्याय चुकून निवडला गेला तर आग लागू शकते. करंट बॅटरीच्या क्षमतेएवढा, म्हणजे ५००० एमएएचला ५ ॲम्पिअर ठेवावा, त्याने साधारण तासाभरात ती भरते. गाडीतून काढलेली बॅटरी गरम असताना चार्जला लावू नये. चार्जिंग फरशीवर, पडदे आणि गाद्यांपासून लांब करावे. मी जाड मातीच्या कुंडीत तळाला वाळू घालून त्यात बॅटरी ठेवतो आणि वरून झाकत नाही, कारण काही झालेच तर वायूला बाहेर जायला वाट हवी. आणि चार्ज होत असताना घर सोडून जाऊ नये, झोपू तर मुळीच नये.

हे मी वाचून सांगत नाही. पहिल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला, रविवारी सकाळी मैदानावर जायचे म्हणून मी दोन लिपो पूर्ण भरून ठेवल्या. त्याच रात्री पाऊस लागला आणि कोल्हापूरचा पाऊस एकदा लागला की काय होते ते इथल्या माणसाला सांगायला नको. बॅटऱ्या कपाटात तशाच राहिल्या. दसऱ्याला कपाट आवरताना एक हातात घेतली तर तिचे सपाट अंग मध्यभागी उशीसारखे वर आले होते आणि वेष्टनाची शिवण ताणली होती. भरलेल्या अवस्थेत फार दिवस राहिली की लिपोच्या आत वायू धरतो, हे मला तेव्हा कळले. फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही, टोचायची नाही, दाबायची नाही आणि घंटागाडीत तर टाकायचीच नाही. तिच्या तारांची टोके वेगवेगळी टेपने बंद करून ती ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. दोन-तीन दिवसांपेक्षा अधिक काळ बॅटरी वापरायची नसेल, तर चार्जरवरचा स्टोरेजचा पर्याय वापरून प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवावा. तेव्हापासून मी मृगाच्या आधी सगळ्या बॅटऱ्या याच पातळीवर आणून ठेवतो आणि एकही फुगलेली नाही.

बॅटरीचा कनेक्टर बदलायची वेळ आली तर दोन्ही तारा कात्रीने एकदम कापू नयेत. कात्रीच्या पात्यातूनच शॉर्ट होतो. आधी एक तार कापावी, तिला डाग द्यावा, तिच्यावर नळी चढवून ती झाकावी, मगच दुसरीला हात लावावा.

मोटरच्या टोकावर बसतो तो छोटा पिनियन आणि त्याच्याशी जुळतो तो मोठा, बहुधा प्लॅस्टिकचा स्पर गिअर. या दोघांमधले अंतर नीट जुळवणे हे नवशिक्याने शिकायचे पहिले खरे काम आहे. मला ते आमच्या शेजारच्या काकांनी शिकवले. काकांचे सगळे आयुष्य उद्यमनगरात लेथवर गेले, आरसी कार त्यांनी तोवर पाहिलीही नव्हती. मी अंगणात गाडी पळवत होतो आणि ते कट्ट्यावर बसून चहा पीत होते. दोन फेऱ्या झाल्या आणि त्यांनी मला हाक मारली, ‘पोरा, गिअर रडाय लागलाय की त्यो, ऐकू येईना व्हय तुला?’ मला मोटरचा आवाज म्हणजे वेगच वाटत होता. त्यांनी गाडी उलटी केली, झाकण काढले आणि अंगठ्याने स्पर गिअर पुढे-मागे हलवून पाहिला. तो जरासुद्धा हलत नव्हता, पिनियन त्याच्यात रुतून बसला होता. ‘दातांना श्वास घ्यायला जागा पायजे,’ असे म्हणत त्यांनी माझ्या वहीच्या पानाची बोटभर रुंदीची पट्टी फाडली, मोटरचे दोन स्क्रू सैल केले, पट्टी दोन गिअरच्या मधे घालून स्पर फिरवला, म्हणजे कागद दातांत ओढला गेला, आणि मोटर कागदावर अलगद दाबून स्क्रू आवळले. मग गिअर फिरवून कागद बाहेर काढला. त्याच्यावर पंख्यासारख्या एकसारख्या घड्या पडल्या होत्या, पण कागद कुठेही फाटला नव्हता. ‘फाटला तर घट्ट, घड्याच न्हाईत तर सैल,’ एवढेच ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी स्पर पाव-पाव फेरा फिरवून चारही ठिकाणी अंगठ्याने किंचित हालचाल आहे का ते पाहिले, कारण प्लॅस्टिकचा गिअर क्वचितच अगदी गोल असतो आणि जिथे तो सर्वांत घट्ट बसतो तिथेच अंतर ठरवायचे असते. त्या दिवसानंतर गाडीचा आवाज निम्म्यावर आला आणि मोटरही कमी तापू लागली. तोपर्यंत मी दोन स्पर गिअरचे दात घालवले होते.

कोल्हापुरात या छंदासाठीचे खास दुकान शोधत बसण्यापेक्षा अशी माणसे आपल्याभोवती आहेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे आयुष्य घालवलेल्या फिटर आणि टर्नर मंडळींना बेअरिंग, गिअर, आटे आणि वंगण यांबद्दल जे कळते, ते आपल्या गाडीलाही जसेच्या तसे लागू पडते. गाडी घेऊन जावे, आदराने विचारावे, ते वेळ देतात.

मोटरबद्दल थोडक्यात. ब्रशची मोटर स्वस्त आणि सोपी असते, तिचे कार्बन झिजतात. ब्रशलेस टिकाऊ आणि ताकदवान असते. तिच्यावर लिहिलेला केव्ही हा आकडा म्हणजे एका व्होल्टला भार नसताना मिळणारे फेरे. ३३०० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टवर मिनिटाला २४ हजारांहून अधिक फेरे घेते. नवशिक्याला ब्रशची मोटर पुरते. पिनियन मोठा लावला तर वेग वाढतो, पण मोटर तापते, आणि गाडी थांबवल्यावर मोटरवर बोट तीन-चार सेकंदही ठेवता येत नसेल तर पिनियन एक-दोन दातांनी लहान करावा.

चालवताना पहिली सवय क्रमाची. सुरू करताना आधी ट्रान्समीटर, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग ट्रान्समीटर. दुसरी सवय फेलसेफ, म्हणजे ट्रान्समीटरचा संदेश तुटला की गाडी आपोआप थांबवणारी सोय, तपासण्याची. गाडी विटेवर ठेवून चाके अधांतरी करावीत, थोडा ट्रिगर दाबावा आणि तसाच ट्रान्समीटर बंद करावा. चाके थांबली पाहिजेत, थांबली नाहीत तर फेलसेफ लावल्याशिवाय मैदानावर जाऊ नये. मग वेग. अनेक ट्रान्समीटरवर थ्रॉटल मर्यादित करण्याची सोय असते, ती पहिले काही दिवस ५० टक्क्यांवर ठेवावी. दीड किलोची गाडी ताशी ४० कि.मी. वेगाने पळते तेव्हा ती सेकंदाला ११ मीटर जाते आणि तिचा मार सहा मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ दुमजली गच्चीवरून पडलेल्या दीड किलोच्या वस्तूएवढा असतो. हा हिशेब मी भाच्याला वहीत करून दाखवला, त्यानंतर त्याने वेगाचा प्रश्न विचारलेला नाही.

गाडी आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा तिचे डावे आपले उजवे होते आणि सगळे नवशिके इथेच चुकतात. याला एकच उपाय आहे. दहा-बारा पावलांच्या अंतरावर दोन चपला ठेवाव्यात आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाडी फिरवावी, हळू, एक पूर्ण बॅटरी संपेपर्यंत. त्या आकड्यात डावे वळण येते, उजवे येते, गाडी दूर जाते, जवळ येते. दोन-तीन रविवार हे केले की मनात उलटासुलट करत बसावे लागत नाही, बोट आपोआप वळते.

जागेचे म्हणाल तर तपोवन किंवा मेरी वेदरसारख्या मोठ्या मैदानांवर सकाळी फिरायला येणारे लोक आणि फुटबॉल खेळणारी मुले असतात. मैदानावर पहिला हक्क त्यांचा आहे. आपण कडेचा मोकळा कोपरा धरावा, कोणी लहान मूल गाडीकडे धावत आले तर ताबडतोब थांबावे आणि त्याला गाडी हातात घेऊन पाहू द्यावी. रंकाळ्याच्या काठावर संध्याकाळच्या गर्दीत आणि कोणत्याही वाहत्या रस्त्यावर आरसी कार आणू नये. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गाडी पळवलेली मला पाहवत नाही, तिथला मातीचा थर पातळ आहे आणि पावसाळ्याअखेरीस त्यावर जी रानफुले येतात ती चाकांखाली जाण्यासाठी नाहीत.

मैदानावरून आल्यावर रंगाच्या जुन्या ब्रशने धूळ झाडावी, स्पर गिअरच्या आत अडकलेला मुरमाचा खडा काढावा, सगळी चाके हाताने फिरवून कान द्यावा. एखादे चाक खरखरले तर बेअरिंगमध्ये माती गेली आहे. स्वस्त गाड्यांत बेअरिंगऐवजी प्लॅस्टिक किंवा ब्राँझचे बुश असतात, ते आधी बदलावेत. गाडीच्या पुस्तिकेत माप दिलेले असते, उदाहरणार्थ ५×११×४ मि.मी., आणि ते माप सांगून बेअरिंगच्या दुकानात मागता येते. आपल्या धुळीसाठी रबरी सील असलेले घ्यावे. गाडी वॉटरप्रूफ आहे असे खोक्यावर लिहिलेले असले तरी ते विजेच्या भागांपुरते असते, बेअरिंग आणि स्क्रू गंजतातच. ओल्या गवतातून आणली तर कापडाने पुसून, बेअरिंगमध्ये हलक्या तेलाचा थेंब सोडून, चाके काढून रात्रभर पंख्याखाली ठेवावी.

भाच्याची गाडी आता ठरली आहे, मधल्या वेगाची, ब्रशच्या मोटरची, आणि तिचे सस्पेन्शन आर्म आम्ही गाडीच्या आधीच मागवून ठेवले आहेत. पहिल्या दिवशी मैदानावर नेण्याच्या डब्यात त्याने दोन बॅटऱ्या, ७ मि.मी.चा पाना, तीन ॲलन की, चाकाच्या चार नट, एक स्पर गिअर आणि कागदाच्या कापलेल्या पट्ट्या ठेवल्या आहेत. काकांना त्याने त्या पट्ट्या दाखवल्या, तेव्हा त्यांनी एक बोटांत धरून पाहिली आणि म्हणाले की कागद जरा जाड आहे, वहीचा पातळ घे.